पिवळं सिम

दिवेखारचा टॉवर ऐन भातकापणीच्या तोंडावर बंद पडला. बिघडला नाही, बंद केला. टॉवरवाल्यांच्या ट्रकने सदाच्या शेताचा बांध फोडला, उधाणाचं खारं पाणी आत शिरलं आणि त्याचं अर्धं भात जागच्या जागी करपलं. "बांध घालून द्या, मंग चावी न्या," असं म्हणून सदाने कुंपणाच्या फाटकाला कुलूप ठोकलं. आतल्या जनरेटरमध्ये डिझेल ओतणारा माणूस दोनदा आला नि हात हलवत परत गेला. मग एका संध्याकाळी गावातल्या सगळ्या फोनांच्या कांड्या एकदम खाली बसल्या. सदाची बाजू खरी होती, त्यामुळे त्याला शिव्या घालता येईनात, आणि घातल्याशिवाय कुणाला राहवेना.

आता उरला तो खाडीपलीकडचा टॉवर. त्याची रेंज यायची ती खाडी ओलांडून, दमून. कुणाच्या पडवीत यायची, कुणाच्या चुलीपाशी यायची, आमच्या घरात तर फक्त न्हाणीत यायची. माझी बायको किशोरी तिच्या बहिणीशी तासभर न्हाणीत बसून बोलायची आणि मी बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा.

आमच्या शेजारी धर्मा घरतचं घर. मधे एक तगरीची रांग, तीही कोंबड्यांनी विरळ केलेली. धर्मा जन्मभर मिठागरात राबला. मिठागर बंद झालं तरी त्याच्या टाचांच्या भेगा तशाच आहेत आणि पाण्याविषयी बोलायची खोडही. त्याची बायको येसूबाई, जिला मी वयनी म्हणतो, ती कडक बाई. नवऱ्याला तिने कधी 'तुमचं खरं' असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, आणि आमच्या दोन घरांत एक शब्द लपत नाही. मुलगा प्रज्योत बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो, आठवड्याला घरी येतो. त्याची बायको मृणाली कामोठ्याची. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं.

ही पोर आली तेव्हा आळीने पैज लावली होती की दिवाळी काही बघत नाही. पण सासू-सुनेचं असं जमलं की बघणाऱ्याला गंमत वाटावी. येसूबाई तिला चिंबोरी कुठून धरायची ते शिकवायची आणि ती येसूबाईला फोनवर बोटाने पान कसं सरकवायचं ते. एकीची बोटं चिंबोरीने फोडली, दुसरीने फोनवरून भलत्याच माणसाला चारदा फोन लावला. दोघी एकमेकींना हसायच्या आणि मग एका ताटात वाटाणे सोलत बसायच्या. येसूबाईला मुलगी नव्हती. ती हे कधी बोलली नाही, पण मृणालीच्या केसांना तेल लावताना तिचा आवाज खाली यायचा, तो मी दुसऱ्या कुणाशी बोलताना ऐकलेला नाही.

मृणाली लग्नाआधी वाशीला दातांच्या दवाखान्यात काउंटरला होती. तिथल्या डॉक्टरबाईंना घरबसल्या फोन घेणारी मुलगी हवी होती. पेशंटला तारीख द्यायची, वेळ सांगायची, रडणाऱ्या माणसाला दाढ उद्यापर्यंत कळ काढेल असं समजवायचं. बाई म्हणाल्या, "मृणाली, काम तुझंच. फक्त फोन कट होता कामा नये. आधी एकदा तासभर बघू या." आणि तेवढ्यात सदाने कुलूप घातलं.

प्रज्योत त्या रविवारी आला तो ठरवूनच आला. जेवताना म्हणाला, "आयस, हितं न्हाय जमनार. पनवेलला मित्राच्या बिल्डिंगमधी खोली हाय. तितं फुल रेंज. मी पन रोज घरा जाईन."

येसूबाईने त्याच्या ताटात भात वाढला. तो पुरे म्हणाला तरी वाढला. "आनि हितं काय वाघ हायती?" ती म्हणाली.

"वाघ न्हाय, रेंज न्हाय."

"रेंज मी बघते. तू जेव."

मृणालीने मान खाली घातली होती. तिला काम हवं होतं, आणि मला वाटतं, तिला जायचंही नव्हतं. पण सून म्हणून हे बोलायची तिला अजून सवय नव्हती. ती उठली आणि सासूला पाणी दिलं.

आमच्याकडे कापणी सावडीने होते. आज सगळी आळी तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा सदाच्या. मजुरी नाही, फक्त दिवसाची परतफेड. ज्याने येऊन विळा धरला त्याच्या शेतात आपणही तेवढाच दिवस वाकायचं, एवढाच नियम. धर्माचं शेत सगळ्यांत खोलगट, तिथलं पाणी उशिरा आटतं, म्हणून त्याची पाळी नेहमी शेवटची. म्हणजे येसूबाई आणि मृणाली आधी सगळ्यांच्या शेतात राबणार आणि मग आळी त्यांच्याकडे येणार.

मृणाली पहिल्यांदाच कापणीला उतरली होती. दुपारपर्यंत तिच्या कमरेचं लाकूड झालं. हातांवर पात्यांचे लाल ओरखडे उठले, ते घामाने चुरचुरायला लागले की ती तोंडाने हवा ओढायची. येसूबाई पुढे निघून जायची, मागे वळून बघायची, आणि सुनेच्या वाट्याची एक ओळ स्वतःच कापून टाकायची. "मना वाटलं, माजीच हाय," असं वर म्हणायची.

सदाच्या शेतावर जेवणाची सुट्टी झाली तेव्हा येसूबाईने बांधावर सूप मांडलं. "फोन टाका रं ह्याच्यात," ती म्हणाली.

"कशाला गो काकी?" सदाने विचारलं. त्याचा फोन आळीत सगळ्यांत महागाचा, तीन डोळ्यांचा. आधीचा फोन खाडीच्या चिखलात बुडाला तेव्हापासून तो याला तळहातावरून खाली ठेवत नसे.

"बघायचं हाय, कोनाचं सिम कवढ्या पान्यात हाय ते."

सगळ्यांनी हसत फोन टाकले. आमच्याकडे कंपन्यांची नावं कुणी घेत नाही. वडखळ नाक्यावर ज्या रंगाच्या छत्रीखाली बसून सिम घेतलं तो त्याचा रंग: पिवळं, हिरवं, जांभळं. सुपात सगळे आले. सदाचा तीन डोळ्यांचा, हिरव्याचा. किशोरीचा, काच तडकलेला, जांभळ्याचा. मृणालीचा, गुलाबी कव्हरातला, हाही हिरव्याचा. माझा, बटणांचा, ज्याची बॅटरी एकदा भरली की सण बघून पुन्हा भरायची. धर्माचा पण बटणांचा, त्याला रबर लावलेलं, कारण मागचं झाकण भरतीत वाहून गेलं होतं. त्याच्यात पिवळं होतं. कधी काळी कुणीतरी फुकट दिलेलं.

येसूबाईने एकेक फोन उचलला आणि मासळी घेताना कल्ले उघडून बघतात तसा जवळ धरून बघितला. मग मृणालीला प्रत्येकावरून तिच्या मैत्रिणीला, नेत्राला, फोन लावायला सांगितलं. सदाच्या फोनवर नेत्राचा आवाज तुटत आला. किशोरीच्या फोनवर ती काय बोलते ते कळेना. आणि धर्माच्या रबर लावलेल्या डबड्यातून ती अशी खणखणीत बोलली की बांधावरचा बगळा उडाला.

"एवढा महागाचा फोन घेतलास, आनि आमच्या म्हाताऱ्याच्या डबीनी तुझ्यावर मात केली," येसूबाई सदाला म्हणाली. सदा फोन पुसायला लागला.

त्यानंतर येसूबाईने गप्प बसायचं होतं. पण ती कसली बसते! घरोघर सांगून आली, पाणवठ्यावर सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं: "पिवलं घ्या. मी सोता बघून सांगते." तिचा शब्द आळीत चालतो. मासळी ताजी की शिळी, पोरगी घरात नांदेल की नाही, हे तिने सांगितलं की लोक मान डोलावतात. दोन आठवड्यांत सगळी आळी वडखळला जाऊन पिवळ्या छत्रीखाली बसून आली. मृणालीचं पिवळं झालं, सदाचं झालं, किशोरी न्हाणीतून बाहेर आली. मीसुद्धा नवा फोन घेतला, हप्त्यावर, बोटाने सरकवायचा. उगाच कशाला खोटं बोलू, मला तो आवडला. त्याच्यावर बैलगाड्यांच्या शर्यती बघताना माझी जेवणं थंड व्हायला लागली.

आणि पिवळ्याची रेंज गेली. कांड्या दिसायच्या, पण बोलायला लागलं की आवाज घशात अडकायचा. मृणाली रोज नेत्राला फोन लावून बघायची. कधी अगदी स्वच्छ, कधी नुसती खरखर. येसूबाईचं तोंड उतरलं. तिच्या शब्दावर आळीने सिम बदलली होती आणि आता लोक तिच्या घरावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "हॅलो... हॅलो... आवाज येतंय काय?"

तेव्हा धर्माने शोध लावला. तो रोज संध्याकाळी पडवीत विडी ओढत बसायचा आणि सुनेचं बोलणं ऐकायचा. एके दिवशी म्हणाला, "मना कललं. ओहोटीला लाईन चांगली असते. भरतीला जाते."

"काहीतरी बोलू नका," येसूबाई म्हणाली.

"अगो, बग तू. पानी आवाज पितं. खाडी भरली का मधी येवढं पानी, त्याच्यावरनं आवाज यायचा कसा? खाडी उतरली का मोकला."

त्याने बोटांच्या पेरांवर तिथी मोजल्या. मृणालीने चार दिवस ताडून बघितलं आणि खरंच, ओहोटीला फोन स्वच्छ लागे, भरतीला अडके. शिकलेली पोर, तिलाही पटलं. मलाही पटलं. धर्मा आळीतून छाती काढून फिरायला लागला. फक्त येसूबाई म्हणायची, "पान्याला काय करायचाय हिचा आवाज पिवून?" पण तिच्याकडे दुसरं काही कारण नव्हतं.

डॉक्टरबाईंनी परीक्षेला रविवारची संध्याकाळ दिली, दवाखाना बंद असतो म्हणून. धर्माने ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. रविवारी पौर्णिमा. संध्याकाळी उधाणाची ओहोटी, खाडी तळाला जाणार. "सून पास," त्याने जाहीर केलं.

त्या संध्याकाळी येसूबाईने ओटीवरचं गेल्या सालचं भात हलवून कोपरा झाडून घेतला. टेबल नव्हतं, म्हणून पिठाच्या डब्यावर पाट ठेवला. मृणालीने इस्त्रीचा ड्रेस घातला, जरी फोनवर कोण बघतं. धर्मा बांधापर्यंत जाऊन पाणी बघून आला. चिखल उघडा पडला होता. प्रज्योत आला होता, तो खांबाला टेकून उभा राहिला. मी तगरीच्या अलीकडे.

"नमस्कार, दंत चिकित्सालय, मी मृणाली बोलतेय," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे श्वास धरून. पलीकडे डॉक्टरबाईच पेशंट होऊन बोलत होत्या. पहिलं वाक्य आलं. दुसरं अर्धं आलं. मग खरखर. मृणाली उठून दारात गेली, मग अंगणात, मग तुळशीपाशी. "मॅडम, हॅलो, मॅडम." फोन कट. पुन्हा लावला. पुन्हा कट. पोरीच्या कपाळावर कापणीत आला नाही एवढा घाम आला.

शेवटी बाईंचा आवाज आला, तुटक. "बाळा... एक चान्स अजून... मंगळवार, दहा ते बारा, खरे पेशंट देते... नाहीतर मला दुसरी..." आणि तोही कट.

धर्मा खाडीकडे बघत उभा. "उतरलंय की वो पानी," तो म्हणाला, कुणाला कोण जाणे. प्रज्योत हळूच म्हणाला, "मी खोलीवाल्याला होय सांगतो, आयस." मृणाली पाटावर बसून राहिली होती, फोन मांडीत. येसूबाई तिच्याजवळ गेली, तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि चपला घालून तरातरा बाहेर पडली. तिला रडू आलं की ती चालायला लागते, हे मला माहीत आहे, म्हणून मी मागे गेलो नाही. मग गेलोच.

आळीत उजेड होता, पण माणूस नाही. क्रिकेटची मॅच होती. येसूबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आधी डिश लावलेल्या घरातून आरडाओरडा झाला, "औट!" मग जरा वेळाने सदाच्या पडवीतून तोच आरडाओरडा. मग पुढच्या घरातून. मग अगदी मागाहून, सगळ्यांचं ओरडून झाल्यावर, माझ्याच घरातून किशोरी ओरडली, "औट झाला वाटतं!" एकाच माणसाची विकेट आमच्या आळीत सहा वेळा पडली.

येसूबाई एका घरात डोकावली, दुसऱ्या घरात डोकावली. सगळ्यांच्या हातात फोन. सगळ्यांचे चेहरे निळे.

"भावजी," ती मला म्हणाली, "आज हे लोक खाडीत गेले न्हाय?"

"मॅच सोडून कोन जातंय चिंबोऱ्यांना?"

"नायतर ओहोटीला जातात. आनि जाताना फोन?"

"घरात ठेवतात. सदाचा चिखलात गेला तेव्हापासून कोन नेतंय?"

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "पानी न्हाय पीत आवाज. मानसं पितात." आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीच सगल्यांना पिवलं घ्यायला लावलं ना! माज्या सुनेची लाईन मीच वाटून टाकली." एवढ्या वर्षांत तिला मी असं उघड हरलेलं पहिल्यांदाच बघितलं, आणि मला ते बघवेना.

पण ती तिथे उभी राहून रडत बसणारी बाई नाही. सोमवारी सकाळी ती घरोघर गेली. सोमवारी आभाळ भरून आलं होतं, अवकाळीचं, काळपट. आळीत फक्त धर्माचं शेत उभं होतं, पिकून वाकलेलं, आणि मंगळवारी त्याची सावड ठरलेली. लोकांना वाटलं, ती उद्याच्या कापणीचं सांगायला आली.

"उद्या कापनीला येवू नका," येसूबाई म्हणाली.

"काकी, आभाल बघ," सदा म्हणाला. "भिजलं का भात उगवंल जागच्या जागी."

"माज्या शेताचं मी बघते. तुमी सगल्यांनी मना एक दिवस देना हाय. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"तो दिवस मना असा द्या. उद्या दहा ते बारा फोन बंद ठेवा. नुसतं खिशात टाकून न्हाय. बंद. माजी सावड फिटली."

सदा हसायला गेला, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "काकी, अख्ख्या शेताच्या बदल्यात दोन तास फोन बंद?"

"माज्या सुनेच्या बदल्यात," येसूबाई म्हणाली. "तिनं तुज्या शेतात विला धरलाय. हात बघ तिचे."

सदाने हात बघितले नाहीत. फोनकडे बघितलं. त्या फोनला तो रात्रीसुद्धा बंद करत नसे, उशाला घेऊन झोपायचा. "बरं," तो म्हणाला, आणि फोनच्या काचेवरून एकदा अंगठा फिरवला.

धर्माला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "दोघांनी येवढं शेत? आनि उद्या दहाला भरती चढती हाय, वेल पन वंगाल." येसूबाई विळ्याला धार लावत राहिली. मग धर्मानेही आपला विळा काढला आणि तिच्या शेजारी दगडाशी बसला. दोघे म्हातारे एकाच दगडावर आळीपाळीने धार लावत होते. मला त्या वेळी दोघांचं भारी कौतुक वाटलं.

मंगळवारी सकाळी दोघं शेतात गेले. मृणालीला काही सांगितलं नव्हतं, फक्त "तू निवांत बोल, आज लाईन येते" एवढंच. दहाला आळीत फोन बंद झाले. मी माझा बंद केला. किशोरीने तिचा बंद केला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला, मोह नको म्हणून.

आणि मग करायचं काय? मी ओटीवर बसलो. कोंबड्या बघितल्या. पंचांग उघडलं, मिटलं. हात आपोआप खिशाकडे जायचा. बैलगाड्यांच्या शर्यतीशिवाय सकाळ एवढी लांब असते हे मी विसरूनच गेलो होतो. तगरीपलीकडून मृणालीचा आवाज येत होता, शांत, एकसारखा. "हो काका, आज सकाळी गरम चहा नको... हो, चारला या." मधे एकही 'हॅलो' नाही. ऐकून बरं वाटलं, पण असं दुसऱ्याच्या दाढा किती वेळ ऐकणार?

मी विळा घेतला आणि शेताकडे निघालो. कसली सावड, सावड तर फिटलेली. नुसता वेळ जाईना म्हणून. वळणावर सदा भेटला, खांद्यावर विळा.

"कुठं रं?"

"न्हाय, असाच," तो म्हणाला. "घरात बसवत न्हाय. फोन बंद केला का घर खायला उठतं."

मागून किशोरी आली. मग एकेक करून आळी आली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. फोन बंद होते, बोलावणार कसं? बांधावरून आमची रांग उतरताना येसूबाईने बघितलं. ती कमरेवर हात ठेवून ताठ झाली. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, केसांत भाताची तुसं. दोघांनी मिळून एक कोपरा कापला होता. बाकी शेत तसंच उभं.

"मी नको म्हटलं व्हतं ना?" ती ओरडली.

"आमी कापायला न्हाय आलो," सदा म्हणाला. "आमचा टाइम पास व्हत न्हाय." आणि वाकला.

कापणी अशी झाली की काय सांगू. एरवी सावडीला प्रत्येकाचा एक हात विळ्यावर आणि एक डोळा खिशावर असतो. त्या दिवशी लोक बोलत होते, टिंगल करत होते, सदाने टॉवरवाल्या डिझेलमाणसाची अशी नक्कल केली की धर्माला उचकी लागली. आभाळ डोक्यावर आलं होतं, वारा गार झाला होता, आणि पेंढ्या मागे पडत चालल्या होत्या. शेवटची ओळ राहिली तेव्हा बांधावरून कुणीतरी धावत येताना दिसलं.

मृणाली होती. इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, अनवाणी. ओढणी एका खांद्यावरून लोंबकळत.

"आई!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खाडीपलीकडच्या टॉवरला ऐकू गेलं असेल. "आई, ठेवलं मला! एकपण कॉल कट नाही झाला! उद्यापासून काम!"

"अगो, फोन करायचा ना, धावतेस कशाला?" किशोरी म्हणाली.

"कुणाला करू?" मृणाली धापा टाकत म्हणाली. "बाबांना लावला, तुम्हाला लावला, सदादादांना लावला. सगळ्यांचे बंद! मला वाटलं काय झालं की काय!" मग तिने आम्हाला सगळ्यांना बघितलं, उभे विळे, उघडे हात, आणि तिला हळूहळू कळलं.  ती तोंडावर हात घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. प्रज्योत. अख्ख्या आळीत तेवढाच एक फोन चालू, त्यामुळे त्याचा आवाज असा आला की जणू तोही बांधावर उभा आहे. "मृणाली, खोलीवाला समोर बसलाय. हो सांगू ना?"

मृणालीने सासूकडे बघितलं. येसूबाई खाली वाकून पेंढी बांधत होती. बांधलेलीच पेंढी पुन्हा सोडून बांधत होती.

"नको," मृणाली म्हणाली. "मी इथेच आहे. आणि ऐका, शनिवारी येताना विळा घेऊन या एक, माझ्या हाताला बसेल असा."

फोन ठेवून ती एक पाऊल पुढे आली आणि कळवळली. कापलेल्या भाताचा खुंट तळव्यात घुसला होता. येसूबाई लगेच आली, तिला बांधावर बसवलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चिखलाच्या हाताने चाचपायला लागली.

"शिकलेली पोर, चप्पल घालून यायची अक्कल न्हाय," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, तेल लावतानाचा. नखाने खुंटाचं टोक उपसलं, पदराने रक्त टिपलं, तरी पाय काही मांडीवरून खाली ठेवला नाही.

धर्मा भारा घेऊन आला आणि समोर उभा राहिला. खाडीकडे बघून त्याने घसा खाकरला. "बग," तो म्हणाला, "बाराला अजून पानी चढायचं राहिलं व्हतं. भरती पुरी भरली असती ना, तर गेली असती नोकरी. मी सांगत व्हतो का न्हाय?"

आम्ही सगळे येसूबाईकडे बघायला लागलो. आता ती म्हाताऱ्याला सोलणार. सदाने तर विळाच खाली ठेवला, मजा बघायला.

येसूबाईने सुनेचा पाय पदराने पुसला. मान वर केली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तुमचंच खरं."

धर्माच्या डोक्यावरचा भारा घसरून चिखलात पडला. कुणी हसलं नाही. मग पहिला थेंब आला, आणि आम्ही सगळे भारे उचलायला धावलो.